लाडवाच्या डब्यातले चिंचोके

जगदेवीमावशी अंगणवाडीत पोरांना खोटं बोलायला शिकवायची आणि म्हणून तिला घरी बसवलं, असं आमच्या गावात सांगतात. परवा नळदुर्गच्या स्टँडवर रसवंतीच्या बाकड्यावरसुद्धा मी हेच ऐकलं. सांगणाऱ्या बाईनं मावशीला जन्मात पाहिलेलं नव्हतं. तरी तिनं वर आणखी एक भर घातली, की जे पोर चांगलं खोटं बोलेल त्याला मावशी लाडू द्यायची.

खरं असं आहे. मावशीला कुणी घरी बसवलं नाही, ती आपणहून किल्ली ठेवून गेली. तिनं कुणाला खोटं शिकवलं नाही. त्या शुक्रवारी अंगणवाडीच्या खोलीत दोघंजण खोटं बोलले, आणि त्यात ती नव्हती. एक मी होते. दुसरा माझा भाऊ मल्लेश, वय वर्षं पाच.

मावशी अंगणवाडीची मदतनीस. सेविका म्हणजे शुभांगीताई. वजनं घेणं, नोंदी करणं, पोरांचे फोटो मोबाइलमध्ये भरणं हे ताईंचं काम. घरोघरी फिरून पोरं गोळा करणं, खिचडी शिजवणं, शेंबूड पुसणं हे मावशीचं. सत्तावीस वर्षं. म्हणजे आज ज्यांची पोरं अंगणवाडीत आहेत, त्यांतले कितीतरी बापसुद्धा मावशीच्याच कडेवर बसून तिथं गेलेले.

मला गावातल्या बहुतेकांचे आवाज काढता येतात. हेडमास्तर, नळदुर्गच्या एसटीचा कंडक्टर, आणि बब्रुवानदादा, जो भाकरी मागायची असली तरी 'विषय असा हाय' म्हणून सुरू करतो. मावशीचा आवाज वरवर सोपा. ती पोरांना हाक मराठीत मारते आणि दटावते कानडीत. 'बा इल्ली' म्हणजे ये इकडं आणि 'साकु' म्हणजे पुरे, एवढं कानडी आमच्या गावातल्या प्रत्येक पोराला येतं ते तिच्यामुळं. चिडली की सगळ्यांचा आवाज चढतो, तिचा उतरतो. इतका उतरतो की दंगा करणारी पोरं ऐकायसाठी आपोआप गप होतात.

आणि तिचा 'हं'. तो तीन प्रकारचा आहे. आखूड असला तर 'ऐकलं, पुढं बोल.' मधेच तुटला तर 'मला बनवू नकोस.' तिसरा लांब, शेवटाला वर जाणारा, झोक्यासारखा. तो क्वचित यायचा. एखाद्या पोरानं आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी केलं की मावशी तो 'हं' काढायची. हा तिसरा जमवायला मला दोन महिने लागले.

मावशीकडं एक पत्र्याचा डबा होता. झाकणावर राजगिऱ्याच्या लाडवांचं चित्र, आत चिंचोके. आमच्या गावात असं होतं की कधीतरी चार-साडेचार वर्षांच्या सुमारास मावशी पोराला त्या डब्यातला एक चिंचोका द्यायची आणि घरी सांगायची, 'शाना झाला.' बस, एवढंच. आया तो चिंचोका देव्हाऱ्यात ठेवायच्या. पहिला दात आल्याचं सांगावं तसं शेजारणीला सांगायच्या, 'आमच्या पोरीला चिंचोका मिळाला.' पण तो कशाबद्दल मिळतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यांना मिळाला त्यांना आठवत नव्हतं, आणि मावशी सांगत नव्हती.

मला तिनं सांगितलं, कारण मल्लेशला तो मिळत नव्हता.

मल्लेश पाच वर्षांचा होऊन गेला होता. त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांचे चिंचोके देव्हाऱ्यात जाऊन बसले होते. आमचा मल्लेश मात्र मनात येईल ते तोंडानं बोलायचा. धाराशिवहून आत्या आली, तर तिला म्हणाला, 'आत्या, आई म्हनली तू गेलीस की साखर मोजायची.' लपंडाव खेळताना डोळे झाकून अंगणाच्या मध्यात उभा राहायचा आणि म्हणायचा, 'आता मी दिसत न्हाय.' गावात सगळे त्याला भोळा म्हणायचे. आई त्याच्याकडं बघून पदर तोंडाला लावायची.

जानेवारीत एका दुपारी मी त्याला आणायला गेले, तर मावशीनं मला चुलीपाशी बसवलं.

"निकिता, तू नकला करतीस नव्हं?"

"करते की. तुमची बी करते."

"ठाव हाय. हे बघ आता."

तिनं बब्रुवानदादाच्या पोरीला, साडेतीन वर्षांच्या मोनिकाला, हाक मारली आणि डबा पुढं धरला.

"ह्यात काय हाय गं?"

"लाडू."

मावशीनं झाकण उघडलं. चिंचोके बघून मोनिकाचं तोंड पडलं. मावशीनं झाकण परत लावलं. "आता तिकडनं तुझी आई यायलीय. तिनं डबा उघडून बघितला न्हाय. तिला काय वाटंल, ह्यात काय हाय?"

"चिंचोके," मोनिका म्हणाली आणि पळाली.

मला हसू आलं. मावशीला नाही.

"हसू नको. एवढ्या लेकराला वाटतं, आपल्याला ठाव झालं की जगाला ठाव झालं. त्याच्या डोक्यात एकच खोली आसती. मग एक दिस त्येच लेकरू जरा थांबतं, गालात हसतं आन म्हनतं, 'आईला लाडू वाटतील.' त्या दिशी त्याला कळलं की आईच्या डोक्यात येगळी खोली हाय. मग म्या चिंचोका देते."

मग तिनं मला सगळंच सांगितलं, खिचडी ढवळत, जसं काही गिलक्याचा वेल कसा चढतो ते सांगावं. तान्हं पोर दुसरं पोर रडलं म्हणून रडतं, का ते त्याला कळत नाही. वर्षाच्या आत बोट दाखवलं की बोटाकडं बघतं, मग बोट दाखवतंय तिकडं बघतं. दीड वर्षाचं झालं की रडणाऱ्याला स्वतःच्या तोंडातला उष्टा घास काढून देतं, कारण त्याला स्वतःला त्यानं बरं वाटतं. अडीचचं झालं की आपल्याला आवडतं तेच दुसऱ्याला आवडतं असं नाही, हे कळतं. आणि चिंचोका मिळाला की आठ-पंधरा दिवसांत पहिलं खोटं.

"खोटं?"

"मग? दुसऱ्याच्या डोक्यात येगळं ठिवता येतं हे कळल्याबिगर खोटं कसं बोलंल? खोटं बी त्याच दारानं येतं, माया बी त्याच दारानं येती. कुनाला वाईट वाटंल म्हनून गप ऱ्हायचं, हे बी तवाच यायलंय."

मी म्हणाले, "मग मी लई शाणी. मला सगळ्यांच्या डोक्यातलं येतं. आवाज काढते की."

तिनं तो तुटका 'हं' काढला. "नक्कल तर म्हैन्याचं पोर बी करतंय. आपुन जीभ काढली की त्येबी जीभ काढतंय. तुला सगळ्यांचं तोंड येतंय. आतलं येतंय का बघू पुढं."

हे मला झोंबलं. खोटं कशाला सांगू, पुढचं जे झालं त्यात हे झोंबणंही होतं.

तिनं माझ्याकडून दोन कबुल्या घेतल्या. एक, मल्लेशशी घरी तसे खेळ खेळायचे: वस्तू लपवायची, गोष्टीत मधेच थांबून 'आता कोल्ह्याला काय वाटलं असंल' असं विचारायचं. दोन, डब्याचं कुणाला सांगायचं नाही. "आयांना कळलं तर घोकून घेतील. लेकरू 'लाडू' म्हनंल आन मला कळायचंच न्हाय की त्येला खरंच कळलं का पाठ हाय."

मी म्हणाले, "मावशी, मल्लेशला काय जूनपतुर येत न्हाय. तो तसाच पहिलीत जातोय बघा."

"येतंय."

"लावा पैज."

"शाळा उघडायच्या आत त्येला आलं, तर तू माझा आवाज काढायचा न्हाय. जनमभर."

"आणि न्हाय आलं तर डबा माझा."

"हं," म्हणाली. आखूड.

फेब्रुवारीत शाळेचं गॅदरिंग होतं. माझा नकलांचा कार्यक्रम शेवटी ठेवलेला, म्हणजे माणसं उठून जाऊ नयेत. हेडमास्तर केले, हशा. कंडक्टर केला, शिट्ट्या. अजून वेळ उरला होता आणि खाली दोनशे तोंडं उघडी होती. मी मावशी काढली. कमरेवर हात, 'बा इल्ली', पुढ्यात डबा. ह्यात काय हाय, लाडू, आता तुझ्या आईला काय वाटंल. अगदी तिचाच आवाज. आणि कुणी हसलं नाही. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या की हे काय चाललंय.

हशा थांबलेला मला सोसत नाही. मी तिथल्या तिथं एक वाक्य पदरचं घातलं. मावशीच्याच आवाजात, डोळा मारून: "आन घरी कोनी इचारलं ना, तर चिंचोके म्हनायचं न्हाय. लाडूच सांगायचं. कळलं का?"

असा हशा उसळला की मांडवाचा कपडा हलला असेल. मावशी दुसऱ्या रांगेत बसली होती. ती हसली नाही, उठूनही गेली नाही. मांडीवरच्या पोराचं टोपडं सारखं करत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो व्हिडिओ गावातल्या सगळ्या मोबाइलवर. तिसऱ्या दिवशी बब्रुवानदादाच्या थोरल्या पोरीनं आरसा फोडला आणि शेळीचं नाव सांगितलं. दादानं आरशाचा आणि व्हिडिओचा मेळ घातला. 'विषय असा हाय, अंगनवाडीतच शिकवायलेत.' पाचव्या दिवशी सहा पोरं अंगणवाडीत आली नाहीत. आणि सुपरवायझर मॅडमचा निरोप आला की शुक्रवारी सकाळी पालकांची बैठक.

मावशीची नोकरीची दोन वर्षं राहिली होती. तिला मूलबाळ नाही. तिला तेवढं एकच हवं होतं, की दोन वर्षं त्या खोलीत पोरांमध्ये बसू द्यावं.

शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी पप्पा दोनदा खाकरले. पप्पा रागावायच्या आधी दोनदा खाकरतात. "निकिता. त्ये वाक्य मावशीचं का तुझं? पदरचं घालून बोलली आसशील तर दहावी भूमला, मामाकडं. सोंगं बंद."

"मावशीचंच," मी म्हणाले.

मल्लेश चहात टोस्ट बुडवत होता. टोस्ट तुटून कपात पडला तरी त्याचं लक्ष नव्हतं. तो माझ्याकडं बघत होता. मी त्याला कसलीही खूण केली नाही, हे मी आजही देवळात जाऊन सांगू शकते. तो भोळा होता. मी त्याला मोजलंच नव्हतं.

बैठकीला खोली भरली होती. मॅडमनी 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणत व्हिडिओ लावला. मोबाइलमधून माझ्या तोंडून मावशी बोलली आणि समोर खरी मावशी भिंतीला टेकून बसलेली.

बब्रुवानदादा उठला. "विषय असा हाय, मावशी, तुमच्याबद्दल आदर हाय. पन लेकरं घडायचं वय हाय."

हा तोच बब्रुवान, ज्याचा चिंचोका त्याच्या आईनं अजून चांदीच्या डबीत ठेवलाय. मावशी त्याच्याकडं बघून म्हणाली, "तुला शानपन लई उशिरा आलं होतं रे. म्या रोज उन्हात तुला वेशीपतुर घिऊन फिरायची." तो खाली बसला, पण शब्द मागं घेतला नाही.

मॅडमनी शुभांगीताईंना विचारलं. अठरा वर्षं दोघी एका खोलीत, एका डब्यात जेवल्या. ताई मोबाइलवर बोट फिरवत म्हणाल्या, "मी नोंदीत असते मॅडम. माझं तिकडं लक्ष नसतं." मावशीनं त्यांच्याकडंही बघितलं. त्यांनी वर बघितलं नाही.

मग मला. मी उभी राहिले. पप्पा दाराशी होते. "मावशी असंच काहीतरी म्हणतात," मी म्हणाले. माझ्याच आवाजात. इतका बारीक निघाला की मला तो ओळखू आला नाही.

खोली गप झाली, आणि मावशीचा आवाज उतरला. "ह्या पोरीला मी काय म्हनत न्हाय. पन तुमी लेकरालाच इचारा. मल्लेशला इचारा. रोज माझ्यापाशी बसतंय. आन ते कसं हाय, तुमाला समद्यांना ठाव हाय. त्येला खोटं येत न्हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्या आणि साखरेची गोष्ट गावाला पाठ होती. पप्पाही म्हणाले, "त्ये खरं हाय." मी खाली बघितलं. मला वाटलं, संपलं. भूम.

मॅडमनी त्याला पुढं घेतलं. "बाळ, डब्यात लाडू आहेत असं घरी सांगायचं, असं मावशी म्हणाली होती का?"

मल्लेशनं मॅडमकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग दारातल्या पप्पांकडं. मग पुन्हा माझ्याकडं, जरा जास्त वेळ. तो थांबला होता. मल्लेश बोलायच्या आधी कधी थांबलेला मी पाहिला नव्हता.

"व्हय," तो म्हणाला. "मावशीच म्हनली. लाडू सांगायचं म्हनली." आणि मॅडमच्या डोळ्यांत सरळ बघून पुढं म्हणाला, "मला एक लाडू बी दिला."

"बघा," बब्रुवानदादा म्हणाला.

मी मावशीकडं बघितलं. आधी तिचं तोंड असं झालं की कुणी पाठीमागून ढकललंय. हात जमिनीवर टेकला. बब्रुवान, ताई, मी, आम्ही कुणी तिचा तो हात टेकवला नव्हता. ज्याच्या शब्दावर तिनं आपली उरलेली दोन वर्षं टाकली होती, त्यानं टेकवला.

आणि मग तिच्या घशातून तो आला. लांब, शेवटाला वर जाणारा. "हंऽऽ."

ती उठली, फळीवरचा डबा काढला, आणि एक चिंचोका मल्लेशच्या मुठीत ठेवून मूठ मिटवली. लोकांना वाटलं, म्हातारी कबूल झाली. कुणाला वाटलं, लाच देतेय. त्या खोलीत तो चिंचोका कशाचा होता, हे दोघींनाच कळत होतं, आणि त्यातली एक तोंड उघडत नव्हती.

मॅडमनी लिहिलं की मदतनीस यापुढं फक्त स्वयंपाक करतील, मुलांमध्ये बसणार नाहीत. सोमवारी मावशीनं खिचडी केली, भांडी घासली, किल्ली शुभांगीताईंच्या वहीवर ठेवली आणि गेली.

मे महिन्यात मी पप्पांना खरं सांगितलं. ते खाकरलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "आता कशाला म्हातारीची बाजू धरून खोटं बोलायलीस? मल्लेश बोलला ना तवा. त्ये लेकरू खोटं बोलतंय व्हय?" बब्रुवानदादालाही सांगितलं. तो म्हणाला, विषय असा हाय, की विषय मिटलाय. मला भूमला पाठवलं नाही. पाठवलं असतं तर बरं झालं असतं.

मावशीकडं मात्र मी बैठक झाली त्याच दुपारी गेले होते. ती उंबऱ्याच्या आत, मी बाहेर. सुपात तूर होती, तिचं खडे वेचणं थांबलं नाही.

"मावशी, तुमी का न्हाय सांगितलं, की मल्लेश खोटं बोलायलाय?"

"आत्ताच तर म्हनले होते, त्येला येत न्हाय. कोन ऐकनार?" एक खडा अंगणात टाकला. "आन पाच वर्सात पयल्यांदा दुसऱ्याच्या आत डोकावलं त्यानं. तिथं त्येला तू दिसलीस, भ्यालेली. तुला वाचिवलं."

मी तो खडा पायानं बाजूला सारला.

"त्येचा राग न्हाय मला. त्येला एका टायमाला एकच मानूस दिसतंय अजून, मी ऱ्हायले. मोठा झाला की दोन दिसतील." मग तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "तू पंधराची हायेस."

मी तिथंच उभी राहिले. मला वाटत होतं तिनं ओरडावं, कानडीत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. तिनं सूप उचललं.

"साकु," म्हणाली. पुरे. आणि आत गेली.

मल्लेश आता पहिलीत आहे. चिंचोका त्याच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो. एकदा मला हळूच म्हणाला, "मावशीला कळलंच न्हाय ना मी खोटं बोललो? तिला खरं वाटलं, म्हनून दिला." मी व्हय म्हणाले.

यंदाच्या गॅदरिंगला मांडवातून पोरं ओरडत होती, मावशी काढ, मावशी काढ. मी कंडक्टर केला, हेडमास्तर केले, बब्रुवानदादाही केला, तो स्वतः पोट धरून हसला. पोरं ओरडतच राहिली. मल्लेश पहिल्या रांगेत होता, तोही ओरडत होता. मी माइक ठेवून खाली उतरले. गेल्या वर्षी, शाळा उघडायला चार महिने बाकी असतानाच, मी मावशीशी लावलेली पैज हरले होते.